भरलं की लागलं?

दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत शाल-श्रीफळांची एकच गर्दी उसळते. शिक्षक, तलाठी, लिपिक, हवालदार अशी माणसं त्या एका दिवशी घाऊक निवृत्त होतात. ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, त्याने आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त व्हायचं असा सेवेचा नियम आहे, आणि एका अख्ख्या पिढीतल्या कितीतरी जणांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये उघडायची. गुरुजी गल्लोगल्ली फिरून पोरं गोळा करायचे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोरगं शाळेत घालण्याजोगं झालं, असा हिशेब. मग दाखलखारीज रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना यायचा, आई-बापाला तारीख ठाऊक नसायची, आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे.

हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट, पण जरा थांबून बघितलं तर यात अख्खं संशोधनशास्त्र आहे. हात कानाला लावून बघणं हे मोजमाप झालं, आणि बऱ्यापैकी शहाणं मोजमाप झालं. वाढत्या वयात डोक्याच्या मानाने हात लांब होत जातात, त्यामुळे कान हाताला लागणं हा वयाचा कच्चा पण खरा पुरावा असतो. घोटाळा झाला तो पुढे. मोजमाप होतं ‘साधारण सहाचा’ एवढंच, पण रकाना मागत होता दिवस, महिना, साल. जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक असल्यासारखं लिहिलं गेलं, आणि एकदा शाईत उतरल्यावर खरं ठरलं.

आरोग्य, शिक्षण, कुपोषण, स्त्रियांचं काम अशा विषयांवर गावोगाव जी पाहणी होते, तिच्यात रोज हाच प्रसंग घडतो. अहवालातला आकडा तयार होतो कोणाच्या तरी ओट्यावर, चार-दोन वाक्यांच्या देवाणघेवाणीत. संगणकात पोचेपर्यंत त्याचं भलंबुरं ठरून गेलेलं असतं. म्हणून इथे ओट्यावरचंच बोलू.

सगळ्यात अवघड प्रश्न कुठला, असं विचारलं तर नवख्याला वाटतं की उत्पन्नाचा असेल किंवा दारूचा. खरा अवघड प्रश्न वयाचा. मराठीत वय सांगायच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. ‘पाच भरली’ म्हणजे पाच पूर्ण. ‘पाचवं लागलं’ म्हणजे चार पूर्ण आणि पाचवं चालू. बोलता बोलता दुसऱ्या वाक्यातलं ‘लागलं’ गळून पडतं आणि उरतं ते ‘पाचवं’, मग लिहिणारा ५ लिहितो. झालं, मूल एका झटक्यात वर्षभराने मोठं. पोटातल्या बाळाचंही तसंच. ‘सातवा लागलाय’ म्हणणारी बाई सहा महिने पुरे झाल्याचं सांगते. सात पूर्ण आणि सहा पूर्ण यांत महिन्याचा फरक आहे, आणि तेवढ्याने वेळेवर जन्मलेलं मूल अपुऱ्या दिवसांचं किंवा अपुऱ्या दिवसांचं मूल वेळेवरचं ठरू शकतं. म्हणून वय विचारून झालं की लगेच पुढचा प्रश्न हवाच: भरलं की लागलं?

लहान मुलांत आणखी एक गंमत आहे. चौदा महिन्यांपासून बावीस महिन्यांपर्यंतची सगळी पोरं ‘दीड वर्षाची’ असतात. आईच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही; मूल चालतंय, चार शब्द बोलतंय, दीडच म्हणायचं. पण वजनाचा तक्ता महिन्यावर चालतो. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ सालचे वाढीचे मापदंड घ्या. नऊ किलोचा मुलगा खरोखर १८ महिन्यांचा असेल, तर कमी वजनाची रेषा त्याच्यासाठी ८.८ किलोवर आहे, म्हणजे तो रेषेच्या वर, ठीक. तोच मुलगा २१ महिन्यांचा असेल तर रेषा ९.२ किलोवर जाते आणि तो कमी वजनाच्या यादीत येतो. मूल तेच, काटा तोच, आई तीच. तीन महिने इकडे की तिकडे, एवढ्यावर तो मोजला जाणार की सुटणार हे ठरतं. तालुकाभर अशी ढिलाई झाली की कुपोषण ‘घटल्याची’ किंवा ‘वाढल्याची’ बातमी होते, आणि मग तिच्यावर विधानसभेत प्रश्न.

उपाय जुना आहे: घटनांची दिनदर्शिका. ती कार्यालयात बसून करायची नसते. गावात गेल्यावर पहिल्या दिवशी अंगणवाडीताई, एखादी सुईण, एखादा पुजारी आणि दुकानदार यांना एकत्र बसवून गेल्या पाच वर्षांतल्या महिन्या-महिन्यासमोर गावाला आठवणारी गोष्ट लिहायची. जत्रा, पेरणी, कापूस वेचणी, गावच्या निवडणुका, नदीला आलेलं पाणी. सणांची मदत सगळ्यांत मोठी, पण सणांत एक खोच आहे. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने ती १९ सप्टेंबरवर गेली. ‘गणपतीत झाला’ म्हणजे सरसकट सप्टेंबर धरणारा माणूस इथे चुकतो. म्हणून दर वर्षाची दिनदर्शिका वेगळी करावी लागते, पंचांग उघडून.

म्हाताऱ्या माणसांसाठी खुणा मोठ्या लागतात. पुण्याकडे १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, साताऱ्याकडे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, लातूर-धाराशिवात ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट (विसर्जनाच्या रात्रीनंतरची, त्यामुळे ती कोणी विसरत नाही), आणि जवळजवळ सगळीकडे बहात्तरचा दुष्काळ. प्रश्न असा नाही विचारायचा की ‘बहात्तरला तुम्ही किती वर्षांच्या?’ तो पुन्हा आकडाच मागतो. विचारायचं, ‘दुष्काळात खडी फोडायला गेला होतात का, की सुकडी खाणाऱ्यांत होतात? लग्न झालं होतं का? पहिलं मूल पोटात होतं की कडेवर?’ खडी फोडणारी बाई आणि सुकडी, म्हणजे दुष्काळात पोरांना वाटलेला खाऊ, खाणारी पोर यांत दहा-बारा वर्षांचं अंतर असतं, ते आपोआप हाताला लागतं.

तरीही माणसं पन्नास, पंचावन्न, साठ अशी गोल वयं सांगतात. ते तपासायची एक जुनी मोजपट्टी आहे, व्हिपल निर्देशांक. २३ ते ६२ या वयांतली शून्य आणि पाचने संपणारी वयं मोजायची, त्यांची पाचपट करायची, एकूण माणसांनी भागायचं आणि शंभरने गुणायचं. १०० आलं तर गोल वयांकडे ओढ नाही. ५०० आलं तर प्रत्येकाने गोलच वय सांगितलंय. ही पट्टी गावापेक्षा विचारणाऱ्याला जास्त उघडी पाडते असं माझं मत आहे. एकाच गावात दोन जण फिरले आणि एकाच्या फॉर्मात पंचेचाळीस-पन्नासची रांग लागली, तर दोष गावकऱ्यांच्या आठवणीचा नसतो.

वयानंतर वजन. काटा इलेक्ट्रॉनिक आला म्हणून निश्चिंत झालेली मंडळी पुष्कळ भेटतात. काटा सारवलेल्या जमिनीवर ठेवला की एका कोपऱ्यात रुततो आणि कमी दाखवतो. सतरंजीवर ठेवला तरी तेच. कडक, सपाट जागा मिळेना तर खाली प्लायवूडचा तुकडा हवा, आणि तो पिशवीतच असायला हवा. रोज सकाळी निघण्यापूर्वी ५ किलोचं शिक्क्याचं वजन काट्यावर ठेवून आकडा वहीत लिहायचा. फरक शंभर ग्रॅमपलीकडे गेला तर त्या दिवशी तो काटा बाहेर काढायचा नाही. टांगत्या स्प्रिंगच्या काट्यात झोळी अडकवल्यावर शून्य जुळवायचं असतं. आधी जुळवलं आणि मग झोळी लावली, तर झोळीचं वजन गावातल्या प्रत्येक मुलाला चिकटतं. मुलाच्या अंगावर काय आहे ते पाहायचं: चांदीचे वाळे, करदोटा, कमरेची घुंगरं, थंडीत तीन झबली. करदोटा काढायला सांगू नये, घरात वाद होतो. काढला नाही तर ‘शेरा’ रकान्यात तसं लिहावं. रडणारं मूल एकटं काट्यावर ठरत नाही. आधी आई उभी राहते, काटा शून्यावर घ्यायचा, मग मूल तिच्या हातात द्यायचं. काट्यावर थेट मुलाचं वजन येतं. आईने त्या वेळी भिंतीला हात टेकला की संपलं.

उंचीत याहून जास्त चुका होतात, आणि त्यांची चर्चा मात्र कमी होते. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं मोजायचं, त्यावरचं उभं. आडव्या मापात तेच मूल सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं, म्हणून आडव्याच्या जागी उभं किंवा उभ्याच्या जागी आडवं मोजलं तर तेवढी बेरीज-वजाबाकी करावी लागते. आडवं मोजायला दोन माणसं लागतातच. एकाने डोकं फळीला टेकवून नजर सरळ वर ठेवायची, दुसऱ्याने एका हाताने गुडघे दाबून दुसऱ्या हाताने पायाची फळी तळव्यांना भिडवायची. पायाची बोटं पुढे वळलेली राहिली तर सेंटिमीटरभर फुकट मिळतो. एकट्याने मोजलेली उंची घेऊ नये. आई पकडेल म्हणून भागवलेलीही नको. आईचं लक्ष मुलाच्या रडण्याकडे असतं, आणि तेच योग्य आहे.

या सगळ्यात दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखणारी रंगीत फीत गुणी. सहा महिने ते पाच वर्षं एवढंच वय तिला पुरतं, महिन्याचा हिशेब लागत नाही. डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मध्यावर खूण करायची, मग हात सैल सोडायचा आणि फीत गुंडाळायची. ११.५ सेंटिमीटरच्या आत लाल म्हणजे तीव्र कुपोषण, १२.५ पर्यंत पिवळं म्हणजे मध्यम, पुढे हिरवं म्हणजे ठीक. हात वाकवलेलाच ठेवून मोजलं तर स्नायू फुगतो आणि लालमधलं मूल पिवळ्यात जातं. फीत इतकी घट्ट नको की कातडीला वळी पडेल, इतकी सैल नको की खालून उजेड दिसेल. आणि दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का हे पाहायचं. सूज असलेलं मूल वजनात चांगलं भरतं, आणि तेच सगळ्यांत धोक्यात असतं.

पाहणीला निघण्याआधी मोजणाऱ्यांचीच परीक्षा घेतात. दहा मुलं आणायची, प्रत्येकाने प्रत्येक मूल दोनदा मोजायचं, पहिला आकडा न बघता. ज्याचे स्वतःचेच दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्याला मोजायला पाठवू नये, फॉर्म भरायला द्यावेत. ही परीक्षा वेळ खाते, पोरं रडून हैराण होतात, म्हणून गाळली जाते. गाळली की पुढचं सगळं देवाच्या भरवशावर.

वयाचा पेच काही जणांनी मुळातच सोडवला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत जो अभ्यास सुरू केला, त्यात मूल जन्मल्यावर मागचं आठवून विचारायची पद्धतच ठेवली नाही. लग्न झालेल्या तरुण बायकांच्या घरी दर महिन्याला कार्यकर्ती जायची आणि पाळीची तारीख टिपायची. पाळी चुकली की दिवस राहिल्याची नोंद तिथल्या तिथे. म्हणजे बाळाचं वय त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून मोजलं जात होतं. कंटाळवाणं काम आहे हे. बहुतेक भेटींतून ‘आली’ एवढं एकच उत्तर मिळतं. पण त्या कंटाळ्याच्या पायावर पुढचं उभं राहिलं. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. दंड बारीक, पोटाचा घेर कमी, स्नायू कमी. खांद्याच्या पात्याखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. बारीक दिसणारी आणि तरी चरबी राखून असलेली ही बाळं, आणि पुढे त्यांना मधुमेहाचा धोका, ही कल्पना जगभर गेली.

ती चरबी मोजायची कशी, तर चिमट्यात कातडी धरून. अंगठा आणि तर्जनीने घडी उचलायची, चिमटा लावायचा, दोन-तीन सेकंदांत वाचायचं. थांबलात तर चरबी दबत जाते आणि आकडा खाली उतरतो. जन्मून दोन-तीन दिवस झालेल्या बाळावर हे करायचं, बाळंतिणीची सासू शेजारी बसलेली असताना. त्यासाठी आधी तिला चिमटा स्वतःच्या बोटावर लावून बघू द्यावा लागतो. कुठल्याही संशोधन-आराखड्यात ही ओळ सापडायची नाही.

स्त्रियांच्या आजारांकडे वळलं की मोजपट्टी संपते आणि शब्द सुरू होतात. ‘काही त्रास आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’. त्रास म्हणजे जे काम थांबवतं ते. बाकीचं बाईमाणसाच्या जन्माला लागलेलंच, असा समज. मग ‘अंगावरून जातं का?’ असं विचारावं लागतं, पण नुसत्या एवढ्याने भागत नाही. काही ठिकाणी त्याचा अर्थ लाल, काही ठिकाणी पांढरं. दोन्ही नावं घेऊन विचारायचं. लाज मोडेल की नाही हे शब्दापेक्षा ओट्यावर आणखी कोण बसलंय यावर ठरतं.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी केली. ती १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. विचारल्यावर तक्रार सांगणाऱ्या शेकडा ५५. तपासणी केल्यावर एखादा तरी स्त्रीरोग असलेल्या शेकडा ९२. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या शेकडा ८. या तीन आकड्यांकडे पुन्हापुन्हा बघावं. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांत जी ३७ ची फट आहे, ती नुसते फॉर्म भरणाऱ्या पाहणीला कधीच दिसली नसती. आणि ५५ हा आकडासुद्धा चांगल्या विचारणीचा आहे; घाईच्या विचारणीत तो कुठे गेला असता याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

शब्दाने दगा देण्याचं दुसरं उदाहरण मराठवाड्यातलं. बाईला विचारलं, ‘ऑपरेशन झालंय का?’ ती म्हणते, ‘झालंय की.’ गावात ऑपरेशन म्हणजे बहुधा कुटुंबनियोजनाचं, टाक्याचं नाहीतर बिनटाक्याचं. गर्भाशय काढलं असेल तर शब्द वेगळा: ‘पिशवी काढली.’ प्रश्नात पिशवी नसेल तर एकात दुसरं मिसळतं, दोन्हीकडून. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पेटला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शेकडा १७ च्या आसपास. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन आकडे शेजारी ठेवले की धक्का बसतो आणि बसायलाच हवा. पण काटेकोर माणूस विचारील की दोन्हीकडे वयोगट एकच होता का, कारण पन्नाशी-साठीच्या बायका धरल्या की प्रमाण आपोआप चढतं. हा प्रश्न विचारणं म्हणजे त्या बायकांचं दुःख कमी लेखणं नव्हे. उद्या मुकादमाच्या (मजूर पुरवणाऱ्याच्या) किंवा दवाखान्याच्या बाजूचा वकील हाच प्रश्न विचारणार असतो, तेव्हा आपण आधी विचारलेला बरा.

ऊसतोडीच्या मुलखात ‘कधी जायचं’ हे ‘काय विचारायचं’ याइतकंच महत्त्वाचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, उचल (आगाऊ पैसे) घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात आणि पाडव्यानंतर परततात. डिसेंबरात गेलेला गट ‘घर बंद’, ‘घर बंद’ लिहीत पुढे सरकतो आणि शेजारच्या उघड्या घरावर भागवतो. उघडी घरं कोणाची? ज्यांना ऊस तोडायला जावं लागत नाही त्यांची. तांड्यावर राहिलेले म्हातारे आणि शाळकरी पोरं भेटतात, पण ज्यांच्याबद्दल विचारायचं ती बाई दोनशे किलोमीटरवर फडात मोळ्या बांधत असते. बंद घराच्या जागी दुसरं घर घेणं हा सगळ्यांत साधा दिसणारा आणि सगळ्यांत महाग पडणारा गुन्हा आहे.

काही प्रश्नांची उत्तरं तर कोणालाच द्यायची नसतात. ‘तुम्हाला किती मुलं झाली?’ ‘दोन.’ पाचवीची पूजा व्हायच्या आत, बारशाच्या आत गेलेलं बाळ या दोनांत नसतं. त्याला नावच मिळालेलं नसतं. ते सांगणं म्हणजे उकरणं. म्हणून प्रश्न एकदम विचारत नाहीत, पायरीने उतरतात. तुमच्याजवळ राहणारे मुलगे किती, बाहेरगावी किती? मुली किती, सासरी गेलेल्या किती? जन्मून नंतर गेलेलं एखादं? त्यावर ‘नाही’ आलं तरी एक पायरी उरते: रडलं, हललं, श्वास घेतला आणि मग गेलं असं काही? बऱ्याचदा ते बाळ इथेच सापडतं. रडलं होतं का, हा प्रश्न सोडला तर ते ‘मेलेलंच जन्मलं’ या रकान्यात जातं आणि बालमृत्यूच्या हिशेबातून नाहीसं होतं. उत्तर मिळाल्यावर लगेच पान उलटू नये. पेन खाली ठेवावं, पाणी मागावं. बाई बोलायची असेल तर बोलेल.

गडचिरोलीतच १९९३ नंतर ३९ गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा जो प्रयोग झाला, त्याचं बळ उपचारांइतकंच मोजणीतही होतं. गावातल्याच शिकवलेल्या बाईने बाळाचं वजन करायचं, ताप-श्वास पाहायचा, थंडीपासून जपायचं, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून २५.५ वर आले; तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते साठच्या आसपासच राहिले. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा कोणीही म्हणू शकलं असतं की मृत्यू घटले नाहीत, नोंदायचे राहिले. पण जन्म-मृत्यूची नोंद गावात सतत चालू होती आणि दर सहा महिन्यांनी घरोघर वेगळी पाहणी करून ती ताडून बघितली जात होती. दोन वह्या, दोन वेगवेगळे हात. २०११ पासून आशाताई देशभर बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात, त्याचं मूळ इथे आहे. वेळापत्रक देशभर गेलं. दुसरी वही मात्र गेली नाही, अशी माझी तक्रार आहे.

घर म्हणजे काय हा प्रश्न मराठीने आधीच सोडवून ठेवलाय: एक चूल, एक घर. राष्ट्रीय नमुना पाहणीची व्याख्याही फिरून तिथेच येते, एका स्वयंपाकघरात जेवणारे. तरी रेशनकार्ड बघून घर लिहिणारे आहेत. दोन भाऊ, एक छप्पर, एक कार्ड, दोन चुली, म्हणजे घरं दोन. जमीन विचारताना सातबारा बघितला तर ती वारलेल्या आज्याच्या नावावर असते. तिथे ‘कसता किती?’ हा प्रश्न बरा.

आणि बाईचं काम. ‘काय करता?’ ‘काही नाही, घरीच असते.’ हे म्हणताना तिच्या हातात सूप असतं. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीने प्रश्नच बदलला: काल पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाने, काय केलं ते सांगा. घरातल्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या बायकांचे दिवसाला २९९ मिनिटं निघाले, पुरुषांचे ९७. ‘काही नाही’ पाच तासांचं होतं.

शिक्षणातही मोजायचं काय यापेक्षा कुठे मोजायचं यावर निम्मं ठरतं. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी, मुलांना वाचता येतं का हे बघणारी ‘असर’ पाहणी शाळेत जात नाही, घरी जाते, कारण शाळेत फक्त हजर असलेलीच मुलं भेटतात. जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं. मुलापुढे आधी सोपा परिच्छेद ठेवायचा. जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, मग अक्षरं. पाच शब्द मुलानेच निवडायचे, चार बरोबर हवेत. तपासणाऱ्याची परीक्षा इथेही आहे. मूल अडखळलं की कौतुकाने पहिलं अक्षर पुरवायचं नाही, आणि आईलाही पुरवू द्यायचं नाही. नंदुरबारच्या पाड्यावर, जिथे घरात भिली किंवा पावरी चालते, तिथे ‘वाचता येत नाही’ या खुणेत वाचन किती आणि मराठी किती, हे त्या एका कागदावरून सांगता येत नाही. खूण करताना एवढं मनात असलं तरी पुरे.

आता कागद गेला, टॅब आला. बेरजा चुकत नाहीत, पानं हरवत नाहीत, कोण कुठे उभं राहून भरतंय तेही दिसतं. पण टॅबला रिकामा रकाना चालत नाही. जन्मतारखेतला दिवस भरल्याशिवाय तो पुढच्या पानावर जाऊ देत नाही. ‘दिवस ठाऊक नाही’ यासाठी ९८ अंक ठेवायची रीत आहे, पण फॉर्म करणारा ती विसरला किंवा कार्यकर्त्याला शिकवलीच नाही, तर तो महिन्याचा मध्य म्हणून १५ दाबतो. यादी उतरवून दिवसाप्रमाणे लावून बघा: १५ तारखेला जन्मलेल्या पोरांचा ढीग दिसेल, त्याखालोखाल १ तारखेचा. गुरुजींचा १ जून असा नव्या यंत्रात शिरलाय.

आणि बहुतेक वेळा तारीख माहीत असते. विदर्भातल्या एखाद्या आईला ‘तारीख?’ विचारलं तर ती मान हलवते. ‘पोळ्याच्या आधी की नंतर?’ विचारलं तर म्हणते, ‘तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळीच, पोरं लाकडी बैल घेऊन निघाली होती.’ साल २०२४ असेल तर तो दिवस ३ सप्टेंबरचा.